सातवे ठाणे



अलिबागेस आमच्या घराला लागून ज्यांचे घर होते आणि जे पुढे अश्दोदला जाऊन स्थायिक झाले, त्या कुटुंबाने एका पत्रात विचारले होते की, वाळवंटात तुम्ही उभयता सुटीच्या दिवशी करता तरी काय? त्या प्रश्नाचे उत्तर पत्रात मावेना, म्हणून या पत्रिकेच्या आश्रयास आलो आहोत. आम्ही पतिपत्नी नोकरीनिमित्त सौदी अरेबियातील दम्माम शहरी काही वर्षे राहिलो. तेथील सुटी पूर्वी गुरुवार-शुक्रवारी असे. 2013 साली ती शुक्रवार-शनिवार झाली. या दोन दिवसांत आमच्यासारखी मराठी कुटुंबे, काही केरळी व फिलिपिनो मंडळी मिळून नकाशाचा खेळ खेळत असू.

या खेळाला ओरिएंटीअरिंग म्हणतात. हातात नकाशा व होकायंत्र घ्यायचे, नकाशावर वर्तुळांनी दाखविलेली ठाणी क्रमाने शोधायची, प्रत्येक ठाण्यावर टांगलेल्या नारिंगी-पांढऱ्या निशाणापाशी आपल्या कार्डावर सुयांच्या चिमट्याने खूण उमटवायची आणि सर्वांत कमी वेळात परत यायचे. स्वीडनमध्ये एर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने 1919 साली स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरविली, तेव्हापासून हा खेळ जनमान्य झाला. 1961 साली त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापन झाला. आपल्यापैकी ज्यांच्या मुलामुलींनी लष्करी सेवेत नकाशाच्या आधाराने रात्री-अपरात्री टेकड्या तुडविल्या आहेत, त्यांना आमचा हा हौशी व्याप पाहून हसू येईल. खुशाल हसावे.

2019 च्या फेब्रुवारीतील स्पर्धेचा मार्ग आखण्याचे काम आम्हां उभयतांकडे आले. शुक्रवारी हाफ मून बे या उपसागराजवळील वाळूच्या टेकड्यांत मोठी फेरी आणि शनिवारी दम्मामच्या समुद्रकाठी, मरजान बेटापर्यंत, छोटी धावती फेरी, असा बेत होता. शनिवारची फेरी विनाविघ्न पार पडली, तेव्हा तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. शुक्रवारच्या फेरीत दहा ठाणी होती. जुम्म्याच्या नमाजापूर्वी सर्वांनी परत यावे म्हणून ती चार किलोमीटरांच्या आत बसविली होती. कोणी हरवल्यास समुद्राच्या दिशेने उतरावे, म्हणजे रस्ता आडवा येईल, ही सूचना प्रत्येक नकाशावर लिहिली होती.

मार्ग आखणे ही शिंप्याची कला आहे, कापड बेताचे आणि अंगे निरनिराळी. ठाणे फार उघड असले तर नकाशा वाचण्याची गरज उरत नाही. फार दडलेले असले तर ज्याचे नशीब त्याचे ठाणे, असा प्रकार होतो. एका ठाण्यावर ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने परतायचे असेल, तर परतणारा गडी येणाऱ्याला आपोआप वाट दाखवतो. हे सर्व आम्ही वाचले होते. नऊ ठाणी आम्ही हलणार नाहीत अशा वस्तूंवर ठेवली: कुंपणाचा कोपरा, खडकाचा सुळका, दोन कच्च्या रस्त्यांचा फाटा. सातवे मात्र उघड्या वाळूत, चंद्रकोरीच्या आकाराच्या एका टेकडीच्या खळग्यात ठेवले. तेथून दिसणारी वाळूची लाट फार देखणी होती. आमच्यापैकी एकाचे मत होते की, हे ठाणेही खडकावर न्यावे. दुसऱ्याने ते ऐकले नाही. कोणी कोणाचे ऐकले नाही, हे येथे सांगत नाही. घरात शांतता हवी.

अश्दोदच्या वाचकांना वाळूच्या टेकडीची ओळख करून द्यावयास नको. चंद्रकोरी टेकडीची पाठ वाऱ्याकडे असते व तिचा चढ सौम्य असतो. माथा ओलांडला की वाळू एकदम तुटून खाली उतरते, आणि दोन शिंगांच्या मध्ये खळगा होतो. त्या मुलुखात वायव्येकडून 'शमाल' नावाचा वारा वाहतो. तो पाठीवरची वाळू कणाकणाने माथ्यापलीकडे ढकलतो आणि त्यामुळे सबंध टेकडी आग्नेयेकडे सरकत राहते. लहान टेकडी मोठीपेक्षा लवकर सरकते. हेही आम्ही वाचले होते. आमचा नकाशा उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला होता. ते चित्र कोणत्या सालचे, हे मात्र आम्ही पाहिले नव्हते.

शुक्रवारी बहुतेक गडी उशिरा का होईना, परत आले. सर्वांत शेवटी, समुद्रकाठच्या रस्त्याने चालत, पंधरा वर्षांची एक मुलगी आपल्या धाकट्या भावासह आली. तिच्या कार्डावर सातव्या ठाण्याची खूण नव्हती. वडील रस्त्यापर्यंत दोनदा धावत जाऊन आले होते. आईचा चेहरा पाहवत नव्हता. मुलांजवळची पाण्याची बाटली रिकामी होती. ती दोघे सातव्या ठाण्याच्या जागी चाळीस मिनिटे बसून होती, असे तिने सांगितले. त्यावर आम्ही, सर्वांच्या देखत, हसून म्हणालो, "अगं, जागेवर बसून कसे चालेल? जरा इकडेतिकडे पाहायचे होतेस!" नियमाप्रमाणे त्या जोडीला बाद ठरविले. करंडक दोघा केरळी तंत्रज्ञांना मिळाला.

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी पोह्यांच्या बशांबरोबर अभिप्रायाचे कागद वाटले. रात्री भांडी आवरून ते वाचावयास बसलो. तिसऱ्या ते चौथ्या ठाण्यापर्यंत उगाच तीनदा चढउतार करविलात, असे एकाने लिहिले होते. ते खरे होते. लहान मुलांचा मार्ग फार सोपा, असे दोघांनी आणि फार कठीण, असे दोघांनी. पोहे उत्तम, असे पाच जणांनी, जरी प्रश्न मार्गाविषयी होता. विजेत्या केरळी जोडीने प्रांजळपणे लिहिले होते की, सातव्याकडे जाताना आपण दिशा चुकलो, भलत्याच बाजूने टेकडीला वळसा घातला आणि निशाण अचानक समोर आले. तो कागद वाचून आम्ही हसलो. त्याखालचा कागद त्या मुलीचा होता. त्यावर एकच वाक्य होते: "मी बरोबर जागी उभी होते."

हसणे थांबले. दिशा धरून पावले मोजण्याची रीत तिला आम्हीच, आमच्याच गच्चीवर, दोन संध्याकाळी शिकविली होती. सहाव्या ठाण्यापासून सातवे चारशे वीस मीटर. डोळ्यांना काहीही दिसो, पावले व होकायंत्र एकमताने सांगत असतील तर त्यांवर विश्वास ठेव, हे आमचेच शब्द.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा तेथे गेलो, या वेळी जीपीएस घेऊन. स्पर्धकांना ते वापरण्यास बंदी असते. आखणाऱ्यांना नसते, परंतु त्याशिवाय मार्ग आखण्याची आम्हांस घमेंड होती. खळग्याजवळ वाळूत अर्धे पुरलेले मोटारीचे टायर होते, त्यावरून निशाणाची जागा ओळखली. नकाशावरील जागा तेथून सत्तर मीटर वायव्येस निघाली. ती आता टेकडीच्या पाठीवरचा सौम्य चढ झाली होती आणि तेथून खळगा माथ्याआड पूर्णपणे झाकलेला होता. घरी येऊन चित्राची तारीख शोधली, तर ते पाच वर्षांपूर्वीचे. नकाशा काढला तेव्हा टेकडी जेथे होती, तेथे ती मुलगी उभी राहिली होती. आमचे निशाण मात्र टेकडीबरोबर पुढे गेले होते. जे काटेकोर चालले त्यांना तेथे काही सापडले नाही आणि जे भरकटले त्यांना करंडक मिळाला.

अलिबागेत वाढलेल्या माणसांकडून ही चूक व्हावी, याचे आम्हांला अधिक वाईट वाटले. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते आणि भरतीला त्याचे बेट होते. किल्ल्यात जायचे तर आधी पाण्याची वेळ विचारावी, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. वाळूलाही वेळ विचारायची असते, हे आम्हांला सुचले नाही.

पुढे काय करावे यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला. स्पर्धा होऊन गेली, करंडक दिला गेला, आता गवगवा कशास, हा एक पक्ष. ठाणे चुकीच्या जागी असेल तर तो मार्ग निकालात धरता येत नाही, हा दुसरा. अखेर दुसरा पक्ष जिंकला आणि आम्ही सर्वांना कळविले की, शुक्रवारच्या मोठ्या फेरीचा निकाल रद्द समजावा, दोष मार्ग आखणाऱ्यांचा आहे. केरळी जोडीकडे जाताना मनात धाकधूक होती. त्यांनी करंडक पुसून कागदात गुंडाळून ठेवला होता. चहा पाजला आणि तो हातात दिला. एकाने मात्र आम्हांला कळविले की, असले आयोजक असतील तर आपण पुन्हा येणार नाही. ते खरोखरच पुन्हा आले नाहीत.

त्या मुलीच्या घरी जाणे सर्वांत कठीण गेले. चूक आमची होती आणि तुला सर्वांदेखत बोललो तेही चुकले, एवढे सांगितले. आई आत निघून गेली. मुलगी थोडा वेळ नखे पाहत बसली, मग म्हणाली, "काका, मला वाटलंच होतं की टेकडी चुकली असणार. पण तसं म्हटलं असतं तर तुम्ही सगळे हसला असता." यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. हसलो तर होतोच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा मार्ग आखावयाचा होता. तिच्या वडिलांची परवानगी मागून आम्ही तिला बरोबर घेतले. उन्हाळ्यातील शमालाने टायर पूर्ण गाडून टाकले होते. खळगा आणखी पुढे गेला होता. आम्ही निशाणाची काठी घेऊन उभे होतो, तोच तिने दूरवरच्या एका जुन्या सिमेंटच्या खांबाकडे बोट दाखविले. "काकू, ते निशाण तिकडे बांधू या. आणि या वेळचं चित्र कोणत्या महिन्यातलं आहे, ते आधी मला दाखवा."

आम्ही पिशवीतून कागद काढला.