राहून गेलेले रडणे

"अण्णांना 'नटसम्राट' दाखवू नकोस," असे धाकट्या भावाने पुण्याहून फोनवर मला बजावले. त्याच्या काळजीत चूक काढण्यासारखे काही नव्हते. अण्णांचे वय अठ्ठ्याऐंशी. रक्तदाबाची गोळी रोजची, पाय साथ देत नाहीत, रात्री दोनदा-तीनदा उठवून न्यावे लागते. अशा माणसाला मुलांच्या हाती सर्वस्व देऊन रस्त्यावर आलेल्या वृद्धाची कथा कशासाठी दाखवायची? मी "बरं" म्हणालो. मात्र माझ्या मनातले कारण मी त्याला सांगितले नाही. जुन्या जालन्यातले आमचे घर अण्णांनी सहा वर्षांपूर्वी बक्षीसपत्र करून माझ्या नावावर केले आहे. तेव्हापासून जेवायला बोलावताना माझा आवाज किंचित चढला, औषध द्यायला अर्धा तास उशीर झाला, की मला वाटते, आता अण्णांच्या मनात तोच विचार आला असेल. भावाला अण्णांच्या रक्तदाबाची भीती होती. मला माझी होती.

मागणी अण्णांचीच होती. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी ते एकाएकी म्हणाले, "तो नटाचा खेळ लाव एकदा." वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले. त्यातले अप्पासाहेब बेलवलकर पहिल्यांदा उभे केले ते डॉ. श्रीराम लागू यांनी. पुढे काही वर्षांनी तेव्हाच्या औरंगाबादेत अण्णांनी त्याचा एक प्रयोग पाहिला होता. भूमिका कोणी केली होती, हे त्यांना आठवत नाही. परतीच्या एस.टी.त कोणी कोणाशी बोलले नाही, एवढे मात्र पक्के आठवते.

भावाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दुःखाची कथा पाहून दुःखी माणसाचे भले होते की वाईट? मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. शोकांतिका, करुण रस, विरेचन हे शब्द फळ्यावर लिहिताना हात कधी अडखळला नव्हता. आता घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी त्यांचा अर्थ लावायची वेळ आली, तेव्हा जुनी पुस्तके पुन्हा काढली.

हा प्रश्न जवळजवळ अडीच हजार वर्षांचा आहे. प्लेटोचे मत भावासारखेच होते. जे अश्रू माणसाने संयमाने आवरले पाहिजेत, त्यांनाच नाटककार खतपाणी घालतात, असा त्याचा आक्षेप होता. त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल याने वेगळे उत्तर दिले. शोकांतिका करुणा आणि भीती जागी करते व त्यांच्याच द्वारे अशा भावनांचे 'कॅथार्सिस' घडवते, असे तो म्हणाला. आपण त्याला विरेचन म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटल वैद्याचा मुलगा होता, आणि हा शब्द त्या काळच्या वैद्यकात शरीरशुद्धीसाठी वापरात होता. नाटकाच्या संदर्भात त्याने तो नीट उलगडून सांगितलाच नाही, म्हणून पंडितांचे वाद अजून चालू आहेत. ग्रीसमधील एपिडॉरस येथे मात्र दगडात बांधलेले, बारा हजारांहून अधिक माणसे बसतील एवढे प्राचीन नाट्यगृह उभे आहे. ते अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेच्या स्थानाला लागून आहे. बरे होण्यासाठी दूरवरून लोक जिथे येत, तिथेच नाटकही होत असे.

आपल्याकडे विरेचन म्हणजे पंचकर्मातले एक कर्म. ज्यांनी ते वैद्याच्या देखरेखीखाली घेतले आहे, त्यांना ठाऊक असेल की ते केवळ रेचक घेऊन होत नाही. आधी स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तुपातेलाने व शेकाने शरीर मऊ करणे. नंतर संसर्जन क्रम, म्हणजे पेजेपासून हळूहळू नेहमीच्या आहारावर येणे. दुर्बळ माणसाला तर ते सरसकट देतच नाहीत. मला वाटते, शब्द उचलताना आपण त्याचे पूर्वकर्म आणि पश्चात्कर्म मागे ठेवून आलो. 'रडून घे, मोकळा होशील' एवढेच उरले.

अण्णांचे बालपण अंबड-घनसावंगीकडच्या खेड्यात गेले, समर्थ रामदासांच्या जांबेपासून फार दूर नाही. निजामाच्या अमलातले ते दिवस. त्यांच्या गावी उत्सवात कीर्तनकार येत आणि उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान लावत. तारामती विकली जाते, रोहिदासाला साप डसतो, आणि स्मशानात पहारा करणारा बाप स्वतःच्याच मुलाच्या दहनाचा कर मागतो. तिथे आले की सारे देऊळ हुंदके देऊ लागे. अण्णा सांगतात, त्यांचे वडील एरवी कधी रडले नाहीत. दुष्काळात बैल विकले तेव्हा नाही, धाकटी मुलगी गेली तेव्हाही नाही. त्या आख्यानाला मात्र उपरण्याच्या टोकाने डोळे पुसत बसत. घरी येताना बोटाला धरलेल्या मुलाला ते म्हणत, "लई ग्वाड सांगितलं आज बुवानं."

हे ऐकले तेव्हा मला आपल्या समाजाची एक व्यवस्था लक्षात आली. कोणी गेले की भेटायला आलेल्या बायका गळ्यात गळा घालून रडतात, मेलेल्याचे गुण आठवून आठवून रडतात. पुरुष बाहेर ओट्यावर, मान खाली घालून, पावसापाण्याचे बोलत बसतात. त्यांच्या रडण्याला जागा होती ती देवळात, अंधारात, कीर्तनाच्या निमित्ताने. रडे आपल्या मुलीसाठी; नाव रोहिदासाचे. कोणी विचारत नसे, कोणी हसत नसे. शेजारचाही रडतच असे.

आमच्या आईचे जाणे या साऱ्या व्यवस्थेबाहेर झाले. एप्रिल २०२१, दुसरी लाट. ती चार दिवस आजारी होती. स्मशानात आम्ही मोजकी माणसे होतो, तीही अंगभर प्लास्टिक चढवून. अण्णा घरी विलगीकरणात. त्यांना अखेरचे दर्शनही झाले नाही. कोणी भेटायला आले नाही, कोणी गळ्यात पडले नाही. शेजारच्या काकूंनी रस्त्यापलीकडून हात जोडले, तेवढेच. दहावा, तेरावा फोनवरच झाला. त्यानंतर अण्णा तिच्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. तिची खाट हलवू दिली नाही. रडलेही नाहीत. आम्ही म्हणायचो, अण्णा फार खंबीर आहेत.

शेवटी माझ्या पत्नीने निर्णय घेतला. ती म्हणाली, "त्यांनी मागितलंय. आपल्याला काय वाटेल म्हणून त्यांना नाही म्हणायचं का?" तिने रविवारची दुपार निवडली, संध्याकाळ नाही, म्हणजे झोप बिघडायला नको. जेवण हलके, औषधे वेळेवर. शेजारच्या काकूंनाही तिने बोलावले, कारण त्या आणि आई तीस वर्षांच्या मैत्रिणी. आम्ही २०१६ चा चित्रपट लावला, नाना पाटेकरांचा. अण्णा आरामखुर्चीत, पायांवर शाल. मी मुद्दाम त्यांच्या मागे बसलो, त्यांना माझा चेहरा दिसू नये म्हणून.

मुलांना सारे वाटून देण्याचा प्रसंग आला. माझ्या छातीत धडधडू लागले. अण्णा स्थिर. मुलीच्या घरी चोरीचा आळ आला, म्हातारा-म्हातारी घर सोडून निघाली. अण्णा स्थिरच. उलट काकूच पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मग कावेरी गेली. ज्यांना अप्पासाहेब 'सरकार' म्हणतात, त्या गेल्या. अण्णांच्या खांद्यांना पहिला हिसका बसला तेव्हा मला वाटले, खोकला आला. तो खोकला नव्हता. साडेतीन वर्षांचे सारे एकदम वर आले होते. लहान मुलासारखा आवाज काढून ते रडले. मी रिमोटकडे हात नेला. पत्नीने मान हलवून मला थांबवले आणि स्वतः जाऊन त्यांचा हात हातात घेऊन खाली बसली. काकू उठल्या, दुसऱ्या बाजूला बसल्या. मी मागेच उभा होतो आणि माझेही गाल ओले झाले होते.

बराच वेळाने ते म्हणाले, "तुझ्या मायला पाणी पाजाया कोणी व्हतं का रे जवळ?"

साडेतीन वर्षे हा एक प्रश्न ते पोटात घेऊन बसले होते. मी घराचा, बक्षीसपत्राचा, माझ्या चढलेल्या आवाजाचा हिशेब करत होतो. त्यांच्या मनात त्यातले काहीच नव्हते. मी सांगितले, "होतो अण्णा. मी होतो. तिनं दोन चमचे पाणी घेतलं." हे खरे होते आणि मी ते त्यांना कधी सांगितले नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते. ते कसे विचारणार? आणि मी तरी का थांबलो होतो?

न. चिं. केळकरांनी वाङ्मयाच्या आनंदाला 'सविकल्प समाधी' असे नाव दिले. प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःला पुरता विसरत नाही. त्या दुपारी मला त्याचा अर्थ कळला. अण्णा अप्पासाहेबांसाठी रडत होते म्हणून त्यांना रडता आले, आणि स्वतःला विसरले नव्हते म्हणून त्यांना आईविषयी विचारता आले. भरतमुनींनी करुण रसाचा स्थायी भाव शोक सांगितला, तो हाच. मात्र रंगभूमीवर तो एकट्याचा राहत नाही. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हृदयद्रावक चित्रपट एकत्र पाहिल्यावर लोकांची वेदना सोसण्याची क्षमता सरासरीने वाढली आणि सोबतच्या अनोळखी माणसांविषयी जवळीकही वाढली. प्रत्येकाला सारखाच परिणाम जाणवला असे नाही. पण देवळात शेजारीशेजारी डोळे पुसणाऱ्या माझ्या आजोबांना हे ऐकून नवल वाटले नसते.

एका दुपारीने अण्णा बरे झाले असे मी सांगणार नाही. त्या रात्री त्यांना झोप उशिरा लागली. दुसऱ्या दिवशी डाळीत मीठ कमी म्हणून त्यांनी नेहमीसारखी कुरकुर केली आणि मीही नेहमीसारखा चिडलो. पण आठ दिवस रोज दुपारी चहाच्या वेळी ते आईविषयी थोडे थोडे बोलत राहिले. तिचे माहेर, तिच्या हातची धपाटी, १९७२ च्या दुष्काळात सुकडीच्या रांगेत तिने काढलेले दिवस. पत्नी ऐकत बसे. तो आमच्या घरचा संसर्जन क्रम होता: आधी पेज, मग मऊ भात, मग भाकरी. नवव्या दिवशी ते म्हणाले, "ती खाट काढून टाका आता. पाय अडकतो."

माझ्यासारख्या काळजीवाहू वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते. दुःखाची कथा हे औषध असेल, तर ते मागितल्यावर द्यावे, मात्रेत द्यावे आणि देऊन निघून जाऊ नये. ते पचेपर्यंत कोणीतरी जवळ बसावे लागते. रडणे मोकळे झाले म्हणून रागही मोकळा सोडावा, असे मात्र नाही. उशीवर ठोसे मारून राग निवत नाही, उलट वाढू शकतो, असे मानसशास्त्राच्या प्रयोगांत दिसले आहे. आणि सगळेच अश्रू विरेचनाचे नसतात. पक्षाघातानंतर काही रुग्णांना दुःख नसतानाही अनावर रडू येते; तो मेंदूचा विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आठवडेच्या आठवडे उदासी, अन्नावरची वासना उडणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, अशी लक्षणे असतील तर नाटक नव्हे, डॉक्टर हवा. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

भावाला मी महिनाभराने सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मलाही तेव्हा येता आलं नव्हतं." मागच्या महिन्यात तो जालन्याला येऊन गेला. दोन दिवस अण्णांच्या खुर्चीजवळ बसून होता. चित्रपट त्याने लावला नाही. अण्णांनी सांगितलेले आईचेच किस्से तो पुन्हा ऐकत होता. जिथे खाट होती, तिथे आता दुपारचे ऊन येते. अण्णांची खुर्ची आम्ही तिकडेच सरकवली आहे.