वारा आहे तोवर

शाळेच्या मुख्याध्यापकाचे आयुष्य वेळापत्रकाने बांधलेले असते. प्रार्थनेची घंटा, चाचणी परीक्षा, मंडळाची परीक्षा, निकाल आणि पुन्हा नवे प्रवेश, या चक्रात तीस वर्षे काढल्यावर माणूस घरच्या सुखदुःखांनाही तासिका वाटून देऊ लागतो. माझ्या हातून तसे एकदा घडले. ती गोष्ट सांगावयाची तर अन्नपूर्णा भागातील आमच्या घरापासून थेट मेक्सिकोच्या समुद्रापर्यंत जावे लागेल. वाचकांनी एवढा दूरचा प्रवास गोड मानून घ्यावा.

माझा धाकटा भाऊ शिक्षण संपताच अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्नियात स्थिरावला. पन्नाशी गाठता गाठता त्याने चांगली नोकरी सोडली, एक जुनी छत्तीस फुटी शिडाची नौका विकत घेतली आणि हिवाळ्याचे महिने तो मेक्सिकोच्या समुद्रात काढू लागला. भावजय आपल्या नोकरीतून सवड काढून अधूनमधून त्याच्याकडे जाई. ही वार्ता इंदूरला आली तेव्हा घरात कोणालाच काय बोलावे ते सुचेना. आमचे पूर्वज होळकरांच्या पदरी कारकुनी करावयास माळव्यात आले. तेव्हापासून घराण्याने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे ओंकारेश्वरची नर्मदा. मला तर त्याचा रागच आला. चार वर्षांत जो आईला भेटावयास आला नाही, त्याला समुद्रावर भटकावयास मात्र वेळ होता!

आईचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी होते. भावाने मला तिकीट पाठविले, मी अर्जित रजा काढली, विभागाची परवानगीही मिळाली. निघताना आई एवढेच म्हणाली, “त्याला रागावू नकोस. म्हणावं, एकदा येऊन जा.” मी मात्र त्याला चार शब्द सुनावण्याचे मनाशी ठरवूनच निघालो होतो.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस मी ला पाझ येथे पोहोचलो. मेक्सिकोच्या पश्चिमेस बाजा कॅलिफोर्निया नावाचे लांबलचक द्वीपकल्प आहे. ते आणि मुख्य भूमी यांच्यामधील आखाताला नाविक लोक कोर्तेसचा समुद्र म्हणतात. ला पाझ हे त्याच्या दक्षिण भागातील बंदर. नावाचा अर्थ ‘शांती’. नोव्हेंबर ते मे हा तेथील नौकानयनाचा हंगाम. मेच्या मध्यापासून त्या बाजूच्या पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचे दिवस सुरू होतात. तत्पूर्वी पुष्कळ जण नौका किनाऱ्यावर चढवून ठेवतात आणि आपापल्या घरी परततात.

श्रीमंती थाट पाहावयास मिळेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या नौकेवर आमच्या बालपणीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाहूनही कमी जागा होती. गोडे पाणी मापून वापरावयाचे, भांडी खाऱ्या पाण्यात घासून शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने विसळावयाची, सूर्याच्या उष्णतेवर नव्हे पण त्याच्या प्रकाशावर चालणाऱ्या पट्ट्यांनी जेवढी वीज साठेल तेवढ्यावर रात्रीचे दिवे लावावयाचे. सकाळी बिनतारी यंत्रावर बंदरातील नौका एकमेकींची विचारपूस करीत. हवा कशी आहे, भरती केव्हा आहे, कोण आजारी आहे, कोणाला कोणता सुटा भाग हवा आहे. परक्या लोकांचा तो शेजार पाहून मला आमची जुनी गल्लीच आठवली.

एके दिवशी आम्ही ला पाझपासून सुमारे वीस सागरी मैलांवरील एस्पिरितू सांतो बेटाकडे निघालो. त्याच्या उत्तर टोकाशी कालेता पार्तिदा नावाची खाडी आहे. तेथे नांगर टाकला आणि त्याच रात्री उत्तरेचा वारा सुटला. हिवाळ्यात अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशावर हवेचा दाब वाढला की हा वारा आखाताच्या लांबीभर दिवसच्या दिवस वाहतो आणि समुद्रात आखूड, उभ्या लाटा उठवितो. तीन दिवस आम्ही तेथेच अडकलो. लहानपणी सायकलच्या पंक्चरचीही वाट न पाहणारा माझा भाऊ तीन दिवस शांतपणे दोर तपासत, पुस्तक वाचत बसला होता. मी चार शब्द सुनावण्याचा बेत तेवढ्या काळात दोनदा केला आणि दोन्ही वेळा गिळला.

चौथ्या दिवशी पहाटे चारला त्याने मला हलविले. “दादा, ऊठ. वारा पडलाय. आत्ताच निघायचं.”

“उजाडू तर दे. चहा होऊ दे,” मी म्हटले.

“चहा वाटेत करू. उजाडेपर्यंत हा असाच राहील, याची हमी कोण देणार?”

नांगर उचलला गेला. शाकंभरी पौर्णिमेच्या आसपासचे चांदणे पाण्यावर पसरले होते. सुकाणू धरून उभ्या असलेल्या भावाकडे पाहताना माझा राग केव्हा ओसरला ते मला कळले नाही. त्याने आळशीपणाने काम सोडलेले नव्हते. त्याला आपल्या आयुष्याचा काही भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचा होता. तरीही आईचा निरोप सांगावयाचा राहिलाच होता.

तो सांगण्याचा प्रसंग मेक्सिको शहरी आला. तेथे जाण्याचा आग्रह माझा. वीणा गवाणकर यांनी लिहिलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र मी वाचले होते. वर्ध्याचा हा मराठी माणूस गदर चळवळीतील क्रांतिकारक. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणात तो इंग्रजांविरुद्ध लढला. पुढे मेक्सिकोने आश्रय दिला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा याने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत १९२३ ते १९२८ या काळात जी भित्तिचित्रे रंगविली, त्यांतील ‘आमची भाकरी’ अशा अर्थाच्या चित्रात पंक्तीच्या मध्यभागी बसून पाव मोडणारा पुरुष म्हणजे आपले खानखोजे.

१५ जानेवारी २०२०, संक्रांतीचा दिवस. वाटेत एका म्हातारीकडून भावाने राजगिऱ्याच्या वड्या घेतल्या होत्या. राजगिरा मूळचा तिकडचा. मधात किंवा पाकात बांधलेल्या त्या वडीला ते लोक ‘अलेग्रीया’, म्हणजे आनंद, म्हणतात. तिळगुळाच्या जागी आम्ही तीच एकमेकांना दिली. रताळे, बटाटा, शेंगदाणे हेदेखील अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले, असे मी त्याला सांगितले. “म्हणजे आईची एकादशी निम्मी इकडचीच!” तो हसून म्हणाला.

मग आम्ही त्या चित्रासमोर उभे राहिलो. मी सांगितले, इंग्रजांचे राज्य असेपर्यंत या माणसाला मायदेशाची वाट बंद होती. तारुण्यात घर सोडले, ते स्वातंत्र्यानंतरच परतता आले. १९६७ मध्ये नागपूरला त्यांचा अंत झाला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, “यांना येता येत नव्हतं. मला येता येतं, आणि मी येत नाही.”

मी आईचा निरोप तेव्हा सांगितला. तो लगेच म्हणाला, “दादा, मी तुझ्याबरोबरच येतो. नाव बंदरात राहील. परवाच निघू.”

वाचकहो, ज्या कामासाठी मी अर्धी पृथ्वी ओलांडून गेलो होतो ते काम त्या क्षणी पुरे झाले होते. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “आत्ता नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या मंडळाच्या परीक्षा. मला घरात बसायला वेळ होणार नाही. तुझा हंगामही अर्धवट सुटेल. मेमध्ये ये. सुट्टी असेल, आंबे असतील, चांगला महिनाभर राहा.” बोलणे शहाणपणाचे होते. त्याला ते पटले. पहाटे चारला मिळालेला धडा मी पाच दिवसांत विसरलो होतो.

घरी आल्यावर आईपुढे वड्या ठेवल्या. उपवासाच्या जिनसांची हकिकत ऐकून ती म्हणाली, “म्हणजे तो माझ्या उपवासाच्या माहेरीच राहतो की!” भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिने मे महिन्याचे पान उलटून पाहिले आणि कोपऱ्यात पेन्सिलीने एक खूण केली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मार्चमध्ये परदेशी विमाने थांबली, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली. ज्या परीक्षांसाठी मी त्याला थांबविले होते, त्याही अर्ध्यावर राहिल्या. मे आला आणि गेला. जूनमध्ये आई गेली. त्या साथीने नव्हे, वयाने. अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती. माझ्या मुलाने हातात धरलेल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भाऊ दिसत होता. त्याने हात जोडले होते आणि त्याच्या मागे डोलकाठीचा दोर वाऱ्याने वाजत होता. तो आवाज मला चितेच्या आवाजापेक्षा अधिक ऐकू येत होता.

संक्रांतीच्या दिवशी तो येण्यास तयार होता, हे मी आईला कधी सांगितले नाही. तिने शेवटपर्यंत हेच मानले की मुलगा मेमध्ये येणार होता आणि दैव आड आले. दैवाच्या पदरी मी माझा वाटा घातला आणि गप्प राहिलो.

एप्रिल २०२२ मध्ये भाऊ घरी आला. पिशवीतून त्याने राजगिऱ्याच्या वड्या काढून आईच्या तसबिरीपुढे ठेवल्या. रात्री गच्चीवर मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “दादा, तू चूक सांगितलं नव्हतंस. मलाही मेच बरा वाटला होता.” त्याने दोष वाटून घेतला, म्हणून तो हलका झाला असे नाही.

असो. निवृत्तीला आता थोडी वर्षे उरली आहेत. हल्ली एखादा शिक्षक गावी आईला भेटून येण्यासाठी ऐन परीक्षेच्या दिवसांत रजेचा अर्ज घेऊन संकोचाने दाराशी उभा राहतो, तेव्हा मी वेळापत्रकाकडे पाहत नाही. सही करतो आणि त्याचे तास स्वतः घेतो. दिनदर्शिकेचे ते मे महिन्याचे पान मी आईच्या पोथीत जपून ठेवले आहे. पेन्सिलीची खूण आता पुसट झाली आहे, पण अजून दिसते.