अदलाबदलीचं ऋण चिन्ह

दोन बाय दोनच्या कोणत्याही चार मॅट्रिक्स घ्या आणि शक्य त्या सगळ्या क्रमांनी त्यांचा गुणाकार करा. असे २४ गुणाकार होतात. जो क्रम मूळ क्रमापासून सम अदलाबदलींनी मिळतो त्याला अधिक, विषम अदलाबदलींनी मिळतो त्याला उणे चिन्ह द्या. बेरीज नेहमी शून्य येते. तीन बाय तीनच्या सहा मॅट्रिक्स घेतल्या, तर ७२० गुणाकारांचीही शून्यच. आकाराच्या दुप्पट मॅट्रिक्स घेतल्या की हे घडतंच, असं आमित्सुर आणि लेवित्स्की यांनी १९५० मध्ये सिद्ध केलं. मूळची सिद्धता गुंतागुंतीची आहे. मला आवडते ती श्मुएल रोसेटची, १९७६ची.

तो मदतीला ग्रासमानचे घटक घेतो. हेर्मान ग्रासमान हा स्टेटिनचा शाळाशिक्षक. त्याच्या १८४४च्या ग्रंथाच्या न खपलेल्या प्रती रद्दीत गेल्या. पुढे तो संस्कृतकडे वळला आणि त्याने रचलेला ऋग्वेदाचा कोश अभ्यासक आजही उघडतात. त्याच्या घटकांचा नियम एवढाच: दोघांनी जागा बदलल्या की ऋण चिन्ह येतं. म्हणून कोणत्याही घटकाचा वर्ग शून्य. अशा घटकांना आम्ही विषम म्हणतो. दोन विषमांचा गुणाकार सम होतो, आणि सम घटक कुणाशीही विनातक्रार जागा बदलतो. सम-विषम अशी वाटणी असलेली रचना म्हणजे सुपरअल्जिब्रा.

रोसेट प्रत्येक मॅट्रिक्सला एकेका विषम घटकाने गुणतो आणि सगळ्यांची बेरीज करून एकच मॅट्रिक्स बनवतो. तिला क म्हणू. क-च्या कोणत्याही सम घाताचे दोन विषम भाग पाडता येतात. त्यांची अदलाबदल केली, तर ट्रेस, म्हणजे कर्णावरची बेरीज, चिन्ह बदलते. पण गुणाकार तर तोच आहे. तेव्हा ट्रेस शून्य. क-च्या वर्गातले सगळे घटक सम, म्हणून तिथे केली-हॅमिल्टन प्रमेय चालतं: मॅट्रिक्स आपल्याच घातांच्या ट्रेसवरून बनलेलं एक समीकरण पाळते. इथे ते ट्रेस शून्य असल्याने समीकरणात फक्त सर्वोच्च घात उरतो, आणि मूळ मॅट्रिक्स दोन बाय दोनच्या असतील तर क-चा चौथा घात शून्य ठरतो. तो उलगडला की आपली २४ पदं समोर येतात. प्रश्नात एकही विषम घटक नव्हता, तरी उत्तर त्यांच्यातूनच आलं!

‘सुपर’ हे नाव भौतिकशास्त्रातून, बोसॉन-फर्मिऑनच्या जोडीतून आलं. त्यामुळे पुष्कळांना हा विषय तिथलाच वाटतो. मला ते पटत नाही. स्पेख्टचा १९५०चा प्रश्न पाहा: एखाद्या अल्जिब्रातल्या सगळ्या नित्य समानता (वरच्या २४ पदांच्या बेरजेसारख्या, कोणतेही घटक घेतले तरी खऱ्या ठरणाऱ्या) मोजक्याच समानतांमधून निघतात का? १९८०च्या दशकात केमेरने शून्य कॅरॅक्टरिस्टिकसाठी, म्हणजे एक हा अंक कितीही वेळा मिळवला तरी जिथे शून्य होत नाही तिथे, ‘हो’ असं सिद्ध केलं, आणि त्याचा मार्ग सांत मितीच्या सुपरअल्जिब्रांमधून जातो. नुसत्या सांत मितीच्या अल्जिब्रा तिथे पुरत नाहीत, कारण खुद्द ग्रासमानची अनंत अल्जिब्राच त्यांच्यात मावत नाही.

याउलट एक हा अंक ठरावीक वेळा मिळवला की जिथे शून्य होतो, तिथे स्पेख्टच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे. त्याची उदाहरणं १९९९मध्ये सापडली. दोनदा मिळवून शून्य होत असेल, तर अधिक-उणेचा भेदच उरत नाही, आणि विषम घटकाचा वर्ग शून्य ही अट वेगळी लिहावी लागते. सुपरअल्जिब्रेची व्याख्या तिथे नव्याने बेतावी लागते, आणि मला सध्या सर्वाधिक ओढ त्याच प्रश्नांची आहे.