डोंगराकडे जाणारी वहिवाट

मुंबईहून कर्जतच्या लोकलने येताना बदलापूर मागे पडलं की डावी-उजवीकडे डोंगर जवळ सरकू लागतात. नेरळला उतरलं की मोठ्या रुळांच्या बाजूला आणखी एक रूळजोडी दिसते. दोन रुळांत अंतर जेमतेम दोन फूट. ही माथेरानची गाडी. ती हाकारा घालत निघते, पण तिला घाई कसली ती नसते. वीसेक किलोमीटरच्या वाटेला दोन तासांहून अधिक वेळ घेते. जुम्मापट्टी येते, वॉटर पाइप येतं, पेबचा किल्ला कधी या खिडकीत तर कधी त्या खिडकीत दिसतो. उन्हाळ्यात ठाकर-कातकरी बायका करवंदांचे द्रोण घेऊन थांबलेल्या असतात. एकदा वळण संपलं म्हणता म्हणता पुढचं सुरू होतं. डोंगर फोडून सरळ जाण्याऐवजी त्याच्या अंगाअंगाने वळत वर चढायचं, अशीच या रुळांची आखणी आहे. अख्ख्या वाटेवर बोगदा एकच, तोही चिमुकला.

ज्यांच्या पैशातून ही वाट झाली, ते सर आदमजी पीरभॉय या मातीतले नव्हते. गुजरातेतून मुंबईत येऊन रुजलेल्या दाऊदी बोहरा समाजातले ते व्यापारी. ब्रिटिश फौजेला तंबू पुरवता पुरवता त्यांचा धंदा वाढला, मग कापडगिरण्या आल्या, कातडी कमावण्याचा कारखाना आला. 1897 साली ते मुंबईचे शेरीफ झाले, 1907 साली सर झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षही. मुंबईत चर्नी रोडला त्यांच्या नावाची सॅनिटोरियमची इमारत आहे. आजारातून उठलेल्याला समुद्राचा वारा मिळावा, एवढाच तिचा साधा हेतू.

माथेरानच्या रेल्वेमागे मात्र खटपट होती ती त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली डोंगरावर चढले आणि माथेरान साहेबलोकांच्या नकाशावर आलं. पुढची पन्नासहून अधिक वर्षं वर जायचं तर घोडा, पालखी, नाहीतर स्वतःचे पाय. अब्दुल हुसेननी 1904 साली काम सुरू केलं आणि 1907 साली गाडी वर पोचली. सोळा लाख रुपये लागले, असं सांगतात. वळणावर चाकांचे आस जरासे सरकतील अशी खास इंजिनं जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीकडून आणली. कातळ फोडणाऱ्या, रूळ खांद्यावरून वर नेणाऱ्या माणसांची नावं कुठे लिहिलेली दिसत नाहीत. बांधणाऱ्याचं कौतुक करताना हेही मनात असू द्यावं.

मला या बापलेकांबद्दल वाटतं ते वेगळंच आहे. सॅनिटोरियम हे दान होतं, रेल्वे हा धंदा. तिकिटाला पैसे पडत. सुरुवातीचे उतारू बहुतेक साहेब आणि मुंबईचे शेठ. तरी त्या धंद्यातून जे उरलं ते कुंपणाच्या आतलं नाही. तिकीट काढील तो वर जातो. 2005 च्या जुलैतल्या पावसाने रूळ वाहून गेले, ते पुन्हा टाकले गेले. गाडी बंद पडली की माथेरानकर कासावीस होतात, कारण तोवर ती त्यांची झालेली असते.

खाली खालापूरकडे असंच आणखी एक उदाहरण आहे. नवसारीहून मुंबईत आलेल्या जमशेटजी टाटांनी घाटमाथ्यावरच्या पावसापासून वीज करण्याचं स्वप्न पाहिलं. ते गेल्यावर 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. चाकं फिरवून सुटलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं. वीज मुंबईला गेली खरी, पण भर वैशाखात नदी वाहती राहते ती त्या पाण्यामुळे.

आज कर्जत-खालापूरच्या रस्त्याला लागलं की पाट्यांची रांग लागते. एनए प्लॉट, नदीकाठचा बंगला, डोंगर दिसणारी बाल्कनी. बाहेरून येऊन जमीन घेणं हा गुन्हा नाही. मुंबई अशाच माणसांनी उभी केली, आणि शेत विकून मुलाचं शिक्षण केलेली घरंही इथे आहेत. सल आहे ती भिंतीची. काल ज्या पायवाटेने वाडीतली बाई पाण्याला जात होती, जिथून गुरं नदीवर उतरत होती, तिथे आज लोखंडी फाटक आणि आत भुंकणारा कुत्रा. नदी सगळ्यांची, पण तिच्यापर्यंतची वाट एकाची. फाटकाच्या मालकाने वाडीच्या शाळेला वह्या वाटल्या, तरी बाईचा फेरा काही कमी होत नाही.

श्रीमंत माणसाचं मोठेपण त्याने किती वाटलं यावर आपण मोजतो. मी ते त्याने काय मोकळं ठेवलं यावर मोजीन. पीरभॉय पितापुत्रांना त्या मापाने भरपूर गुण पडतात. म्हणून इथे घर बांधायला निघालेल्यांना एक विनंती. सातबारा तपासाल तेव्हा ‘इतर अधिकार’चा रकानाही वाचा. तिथे काही लिहिलेलं नसलं तरी शेजारच्या वाडीत जाऊन विचारा, तुमची वहिवाट कुठून आहे? आणि कुंपण घालताना तेवढी वाट सोडा.