पोस्टरच्या पैशातून जॅझ

नेदरलँड्सच्या हेग शहरात 1976 मध्ये नॉर्थ सी जॅझ फेस्टिव्हल सुरू झाला. पहिल्याच वर्षी काउंट बेसी, डिझी गिलेस्पी, सारा वॉन! जॅझ म्हणजे जाणकारांचं काम. पण या जाणकारांच्या जत्रेमागचा पैसा शाळकरी पोरापोरींच्या पॉकेटमनीतून आला होता, हे वाचलं आणि मी हसतच सुटलो.

पॉल आकेट हा हेगचा माणूस. जीव जॅझवर. 1956 मध्ये त्यानं 'म्यूझिक एक्स्प्रेस' हे डच मासिक काढलं. पुढे पॉपची लाट आली आणि मासिक टीनएजर्सचं झालं. गायकांचे फोटो, त्यांच्याबद्दलच्या गप्पा आणि भिंतीवर लावायला रंगीत पोस्टर.

आज आपण आवडत्या गायकाचा चेहरा दिवसातून पन्नास वेळा बघतो. तेव्हा गाणी ऐकायची ती 'रेडिओ वेरोनिका'वर. हे स्टेशन चक्क समुद्रात उभ्या केलेल्या जहाजावरून चालायचं. आवाज तिथून यायचा, चेहरा मासिकातून. 8 ऑगस्ट 1964 ला आकेटनं रोलिंग स्टोन्सना हेगच्या कुरहाउसमध्ये आणलं. काही मिनिटांतच पोरांनी एवढा धुडगूस घातला की कार्यक्रम गुंडाळावा लागला.

1965 मध्ये 'हिटवीक' आलं. बंडखोर, मांडणीत प्रयोग करणारं. ते 1969 पर्यंत चाललं, आणि साठच्या दशकाचा विषय निघाला की त्याचं नाव आदरानं घेतात. 'म्यूझिक एक्स्प्रेस' त्यापुढेही कितीतरी वर्षं निघत राहिलं. पण पोस्टरवालं मासिक ते पोस्टरवालंच.

हा सूर माझ्या ओळखीचा आहे. माझी ताई शाहरुखचे फोटो कापून बुटांच्या खोक्यात जपायची. "परीक्षेत हे विचारणार आहेत का?" असं घरी रोज ऐकायची. मी मात्र क्रिकेटपटूंचे फोटो कपाटाच्या दारावर चिकटवले, तर तो 'छंद' होता. एका दिवाळीच्या साफसफाईत तिचं खोकं रद्दीत गेलं. माझं कपाट अजून तसंच आहे.

आकेटनं 1975 मध्ये मासिकांचा धंदा विकला आणि पुढच्याच वर्षी जॅझ फेस्टिव्हल उभा केला. 2006 पासून तो रॉटरडॅमला भरतो. तिथे आकेटच्या नावानं पुरस्कारही देतात, आणि ते योग्यच आहे. पण पैसे साठवून दर महिन्याला अंक घेणाऱ्या पोरींचं नाव कुठेच नाही. त्यांना जॅझ कळत नव्हता, असं कुणी म्हणेल. नसेलही. त्यांना एखादी गोष्ट मनापासून आवडून घेता येत होती, आणि त्या आवडीच्या जिवावर पुढे बाकीच्यांनी डिझी गिलेस्पी ऐकला.