डावीकडचे शून्य

एकानंतर दोन आणि दोनानंतर तीन. यात शिकवण्यासारखे ते काय, असे आपल्याला वाटते. पण आमच्या शाळेच्या संगणकाचे मत निराळे पडले. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ काही लांब नाही. तिथल्या ३४ लेण्यांची छायाचित्रे मुलांनी माहितीकोशात भरली, दर लेण्याचा एक फोल्डर केला. यंत्राने रांग लावली ती अशी : १, मग १० ते १९, मग २, २० ते २९, मग ३, ३० ते ३४, आणि शेवटी ४ ते ९!

यंत्र तिथे आकड्याला संख्या मानीत नाही, अक्षर मानते. शब्दकोशात ‘कमळ’ जसे ‘खण’च्या आधी, तसा त्याच्या लेखी दहातला एक दोनाच्या आधी. वेरूळचे आकडे मात्र वाटेचे आहेत. दक्षिणेकडून चालत निघावे : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. यंत्राच्या रांगेत १६ वे कैलास दुसऱ्याच्या आधी आले आणि ३२ वी इंद्रसभा बौद्ध विहारांत जाऊन बसली. एका मुलीने तोच क्रम वहीत उतरवून घेतला. पडद्यावर दिसले ते तिला खरे वाटले; मला धास्ती वाटली ती याची.

उपाय सोपा निघाला. मुलांनी ०१, ०२ असे लिहिले आणि डोंगर पुन्हा जागेवर आला. डावीकडच्या शून्याला किंमत नाही, असे गणित सांगते. इथे त्या बिनकिमतीच्या शून्यानेच तीन धर्मांची वाट सरळ केली.