उपाशी आणि उपास

'भूल' या शब्दाचे दोन अर्थ आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत : भूलतज्ज्ञ देतो ती एक, आणि माणसाच्या हातून घडते ती दुसरी. या दोन्ही भुली एका सकाळी समोरासमोर येतील, आणि दुसरी आमचीच असेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आई वरंधला असते. तिच्या हर्नियाची शस्त्रक्रिया महाडला ठरली होती. "रात्रीपासून उपाशी ठेवा," असे डॉक्टरांनी बजावले होते. तो निरोप आम्ही आईला आमच्या शब्दांत दिला, "उद्या तुझा उपास." उपाशी काय आणि उपास काय, धातू एकच! सकाळी रुग्णालयात "पेशंट उपाशी आहे ना?" असे विचारले गेले, तेव्हा आम्ही निःशंकपणे "हो" म्हणालो.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र आम्हांला ओलांडून थेट आईलाच विचारले, "आजी, सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

"काय नाय गो बाय. उपासाला चालतं तेवढंच. पेलाभर दूध नि राजगिऱ्याचा लाडू."

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली.

भुलेखाली माणसाबरोबर त्याचा ठसकाही झोपतो. पोटातले वर आले तर ते अडवणारे कोणी उरत नाही; अन्न आणि आम्ल सरळ फुप्फुसात उतरते. अमेरिकेतील कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली भूल दिलेल्या बाळंतिणींच्या नोंदी तपासून हा धोका मांडला. दूध पातळ दिसले तरी पोटात त्याचे दही होते; म्हणून हलक्या आहाराप्रमाणे दुधालाही ६ तासांचे अंतर लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जी तपासणीसूची दिली, तीत भूल देण्यापूर्वीच हा धोका विचारात घ्यावा असे सांगितले आहे. पण सूचीतल्या चौकटीत खूण करणारा हात शेवटी कोणाच्या तरी उत्तरावर विसंबतो. त्या सकाळी ते उत्तर आमचे होते; व्याकरणदृष्ट्या निर्दोष, आणि आईच्या जिवावर बेतू शकणारे.

शब्दाचा अर्थ कोशात नसतो, वापरणाऱ्याच्या घरात असतो, हे आम्ही शिकवतो. डॉक्टरबाईंनी ते न शिकवता वापरले. त्यांनी 'उपाशी' हा शब्दच टाळला आणि "काय काय" असे विचारले. 'हो-नाही'त मावणार नाही असा तो प्रश्न होता.

संध्याकाळी त्यांनी आईला नवे नियम समजावले : रात्रीनंतर दूध नाही, फराळ नाही; साधे पाणी मात्र शस्त्रक्रियेच्या २ तास आधीपर्यंत चालेल.

आईने आमच्याकडे पाहिले. "दूध नाय, पाणी चालतं? मग ह्यो उपास कसला रे?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. या वेळी आम्ही ते दिलेही नाही.